तात्याने कबूल केलेले गुन्हे

वेडा कोण आणि चोर कोण, हे मला माणसाच्या नुसत्या चालीवरून कळतं असं मी आमच्या चाळीत सगळ्यांना सांगायचो. चाळीचा अध्यक्ष होतो ना. अध्यक्ष म्हणजे निवडून वगैरे नाही. मीटिंगमध्ये सगळ्यात मोठा आवाज माझा, म्हणून मी. शिक्षण चौथी, तीही गावच्या शाळेत, निम्मा वेळ मास्तरांची गुरं राखून. पण पेपर मी शब्दाला शब्द जोडत का होईना, पूर्ण वाचतो. आणि वाचलेलं दुसऱ्याला समजावून सांगतो, त्याला नको असलं तरी.

असा मी, आणि माझ्या भिंतीला भिंत लावून तात्या राहत होता. मुलुंडला, आग्रा रोडच्या आतल्या अंगाला, बैठ्या चाळीत. तात्याला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तो चोर नव्हता हे मी छातीठोक सांगतो. वेडा होता का, हे मला त्याच्याबरोबर उठबस करूनही सांगता आलं नाही. उलट त्यानेच माझ्याबद्दल ते सगळ्या मुलुंडला पटवून दिलं. ते पुढे येईल.

तात्याच्या शर्टाला खिसा नसायचा. शिंप्याला तो बजावून सांगायचा, खिसा लावू नकोस. शिंपी म्हणायचा, “तात्या, खिशाचं कापड उरतं तेही तू नेत नाहीस, मग काय करू त्याचं?”

“तुझ्याकडे ठेव. पण मी राजीखुशीने दिलं असं चार माणसांत सांग.”

रेल्वेचा पास, घराची किल्ली, बिडीचं बंडल, सगळं हातात. तेही मुठीत नाही, उघड्या तळहातावर. देवळात प्रसाद घ्यायला निघाल्यासारखा रस्त्याने चालायचा. वाण्याच्या दुकानात गेला की फळीपासून लांब उभा राहायचा आणि तिथून ओरडून साखर मागायचा. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नसलं तर पायरीच चढायचा नाही.

आम्ही एकाच कारखान्यात होतो. मी लेथवर, तो टूल-स्टोअरच्या खिडकीत बसून ड्रिलं, पाने देणारा. कारखान्याच्या गेटवर एक पेटी होती. पाळी सुटली की प्रत्येकाने तिचं बटण दाबायचं. हिरवा दिवा लागला तर सरळ घरी, लाल लागला तर वॉचमन अंगझडती घेणार. पितळेचे तुकडे बाहेर जाऊ नयेत म्हणून मालकाने ती बसवली होती. लाल लागला की आम्ही मालकाच्या सात पिढ्यांची आठवण काढायचो. तात्याचं उलटं. हिरवा लागला तरी हा हात वर करून उभाच.

“तात्या, जाओ ना बाबा,” वॉचमन म्हणायचा.

“नीट बघ. मशीन चुकतं कधी कधी.”

“मशीन नहीं चुकता.”

“मग माझं काही चुकलं असेल. बघ तर खरं.”

मागे रांग खोळंबायची. शेवटी वॉचमन त्याच्या अंगावरून दोनदा हात फिरवायचा, की तात्याचा चेहरा खुलायचा. बदली वॉचमन असला आणि त्याने ऐकलं नाही, तर त्या दिवशी तात्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही. मला ही सगळी गंमत वाटायची. मी त्याच्या मागे उभा राहून म्हणायचो, “तात्या, लेंग्यात लेथ मशीन लपवलंयस ते दाखव ना त्याला.” आणि स्वतःच हसायचो. माझ्या विनोदाला बहुतेक वेळा मीच हसतो, ती सवय तेव्हापासूनची.

“माझ्या नावावर घाल,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. कोणाचं माप चुकलं, जॉब बिघडला, सुपरवायझर ओरडत आला, की खिडकीतून तात्याचं डोकं बाहेर. “माझ्या नावावर घाला साहेब.”

“तुझा काय संबंध रे?”

“ड्रिल मीच दिलं होतं ना त्याला.”

घरीसुद्धा तेच. एका रविवारी वारा सुटून समोरच्यांची अँटेना फिरली. सगळी चाळ त्यांच्या टीव्हीसमोर बसलेली, आणि ऐन सिनेमात नायिकेच्या जागी मुंग्या. पोरं छपरावर चढायला निघाली, तर हा दारात उभा. “माझ्या नावावर घाला. दुपारी मी वर बघितलं होतं.”

बघितल्याने अँटेना फिरते? पण वाद कोण घालणार. लोक म्हणाले, “बरं तात्या, तुझ्या नावावर.” तो शांतपणे खाली बसून सिनेमा बघायला लागला. कोणाची दुधाची बाटली दारातून गेली, कोणाचं मांजर मेलं, हा कबूल करून मोकळा.

चाळीतले गुन्हे पुरेनात म्हणून की काय, तो पेपरातले गुन्हे घेऊन पोलीस चौकीत जाऊ लागला. तिथे एक जुने हवालदार होते, सावंतवाडीकडचे. तात्या दिसला की ते चहा सांगायचे. एकदा मी बरोबर होतो, म्हणून हे कानांनी ऐकलेलं.

“काय तात्या, आज काय आणलंस?”

“जुहूला सोनाराकडे दरोडा पडला.”

“बरं.”

“रविवारी मी जुहूला होतो. पोरीला भेळ खायला नेलं होतं.”

“मग दरोडा भेळेच्या आधी घातलास की नंतर?”

तात्याने खूप विचार केला. “तेच तर आठवत नाही. म्हणून आलो.”

हवालदारांनी मिशीवरून हात फिरवला. “असं बघ, जुहू आमच्या हद्दीत येत नाही. आम्ही मुलुंडपुरतेच गुन्हे घेतो. चहा पी आणि घरी जा.”

तात्या हलका होऊन घरी आला. वाटेत मला म्हणाला, “बरं असतं रे सांगितलेलं.”

आता कोणी म्हणेल, तुम्ही त्याला डॉक्टरकडे का नेलं नाही. डॉक्टरकडे न्यायला आजार दिसावा लागतो. ताप येतो, पाय सुजतो, ते दिसतं. तात्याला आमच्याकडे कोणी वेडा म्हणत नव्हतं, स्वभाव म्हणत होते. वेडे दुसऱ्यांच्या चाळीत असतात. आपल्या चाळीत असतो तो स्वभाव.

मोटारीचं प्रकरण झालं आणि हे सगळं नीट बसलेलं विस्कटलं.

मोटार म्हणजे पाण्याची. चाकं असलेली मोटार आमच्यापैकी कोणाच्या बापाने घेतली नव्हती. चाळीच्या नळाला पाणी करंगळीएवढं यायचं. बायका हंड्यांवरून एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. तेव्हा अध्यक्ष या नात्याने मी पुढाकार घेतला आणि पालिकेच्या पाइपवर थेट मोटार बसवली. बटण दाबलं की पाणी असं धावत यायचं! आमची पिंपं भरायची आणि मागच्या चाळीच्या नळातून नुसती हवा यायची. पालिकेच्या लाइनवर अशी मोटार लावणं गुन्हा आहे, हे मला चांगलं माहीत होतं. मागच्या वर्षी दुसऱ्या एका चाळीने लावली तेव्हा मीच त्यांना चोर म्हणून ओरडलो होतो. पण तो दुसऱ्यांनी केला तर गुन्हा. आपण केला की ती सोय.

तात्याला मात्र ही सोय पचेना. रोज सकाळी तो एक हंडा भरायचा, खांद्यावर घ्यायचा आणि मागच्या चाळीत नेऊन ओतायचा. का, तर परत करायला. मी भडकलो.

“तात्या, त्यांना कळेल ना रे!”

“काय कळेल?”

“पाणी कुठे जातं ते!”

“कळू दे. त्यांचंच आहे.”

मग एका सकाळी मोटार गायब. बोल्ट कापून कोणीतरी उचलून नेली होती. माझं डोकं तापलं. शर्ट उलटा घातला होता तसाच तडक चौकी गाठली आणि चोरीची तक्रार दिली. बेकायदा मोटार चोरीला गेली म्हणून आपल्या पायांनी पोलिसांत जाणारा मुंबईतला मी पहिलाच अध्यक्ष असेन. हवालदार माझ्याकडे बघतच राहिले.

“कुठे लावली होती मोटार?”

“चाळीत.”

“चाळीत कुठे?”

“पाण्याजवळ.”

त्यांनी कान खाजवला आणि पुढे काही विचारलं नाही. पण चौकीत नवे फौजदार आले होते. तरणे, कडक इस्त्रीचे. आल्याआल्या काहीतरी करून दाखवायचं होतं त्यांना. त्यांनी तक्रार मागून घेतली. दुसऱ्या दिवशी तात्या जाऊन उभा राहिला आणि नेहमीप्रमाणे म्हणाला, माझ्या नावावर घाला. फौजदारांना तात्याचा स्वभाव कुठे माहीत? त्यांनी खरंच घातली आणि तात्याला आत बसवलं.

तात्याची बायको धावत माझ्या दारात आली. मी शर्ट चढवत होतो, या वेळी सुलटा. म्हटलं, “वहिनी, रडू नका. मी जातो आणि सांगतो साहेबांना, माणूस वेडा आहे. पाच मिनिटांचं काम.”

त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. “भावजी, वेडा म्हणू नका.”

“मग काय म्हणू? चोर?”

“चोर म्हणा. चालेल.”

मी खाटेवर बसलोच. त्यांच्या मुलीची सुपारी फुटलेली होती. स्थळ बोरिवलीचं, माणसं कणकवलीकडची. लग्न तोंडावर आलेलं.

“चोरी म्हणजे आळ आला म्हणता येतं,” वहिनी म्हणाल्या. “चार दिवसांनी खोटा ठरला म्हणता येतं. घरात वेड आहे म्हटलं की पोरीच्या रक्तात बघतात. तिला पुढे पोरं होतील, त्यांच्या रक्तात बघतात. चोराच्या पोरीला निदान विचारतात तरी, बाप सुटला का म्हणून. वेड्याच्या पोरीला काही विचारत नाहीत, भावजी. चहा अर्धा ठेवून उठून जातात.”

आमची ही आतून म्हणाली, “आता का वाचा बसली? मीटिंगमध्ये तर तोंड मिटत नाही.”

चौकीवर गेलो. वहिनी मागून आल्या आणि बाहेर खिडकीच्या गजाशी उभ्या राहिल्या.

“आपण कोण?” फौजदारांनी विचारलं.

“अध्यक्ष.”

“कशाचे?”

“चाळीचा.”

“तक्रार तुमचीच ना? मग पेढे आणा. चोर मिळाला.”

“तो चोर नाही साहेब.”

“मग कबूल का करतो?”

“तो कबूल करतोच.”

“म्हणजे वेडा आहे?”

मी खिडकीकडे बघितलं. वहिनींनी पदराचा बोळा तोंडात धरला होता.

“वेडा नाही,” मी म्हणालो.

“चोर नाही, वेडा नाही. मग आहे काय?”

“स्वभाव आहे साहेब.”

“स्वभावाला कलम नाही.” फौजदारांनी पेन खाली ठेवलं. “नीट ऐका. चोर असेल तर उद्या कोर्टात नेणार. वेडा असेल तरी कोर्टातच नेणार. मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय वेड्यांच्या इस्पितळात घेत नाहीत. दोन्हींना गाडी एकच, उतरायचं ठिकाण वेगळं. कुठे उतरवू, तेवढं तुम्ही सांगा.”

मी म्हटलं, आधी त्याला भेटतो.

तात्या कोपऱ्यात मांडी घालून बसला होता. इतका निवांत मी त्याला कधी बघितला नव्हता. मला बघून म्हणाला, “ये. बरं वाटतंय रे. घेतलं एकदाचं कोणीतरी लिहून.”

“तात्या, ती मोटार उचलायला दोन माणसं लागतात. तुझं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. तू कशी नेलीस?”

“दुसरा माणूस कोण ते मी सांगणार नाही.”

“कोण दुसरा?”

त्याने गजातून हात काढून माझा हात थोपटला. “घाबरू नकोस. तुझं नाव नाही घेतलं.”

मी हात सोडवून घेतला. मग मी लग्नाचं बोललो. म्हटलं, पोरीचा तरी विचार कर. तेव्हा त्याचा सगळा निवांतपणा गेला.

“तेपण माझ्यामुळे मोडणार. माहीत आहे मला. पण काय करू सांग. कुठे काही गेलं ऐकलं ना, की इथे,” त्याने छातीवर बोट ठेवलं, “इथे मशीन सुरू होतं. तूच केलंस, तूच केलंस. मी नाही केलं हे मला माहीत असतं रे. तरी ते थांबत नाही. सांगितलं की थांबतं. घडीभर.”

मला एकही विनोद सुचला नाही. माझ्या बाबतीत असं क्वचित होतं.

बाहेर आलो तर हवालदार बिडी ओढत उभे. हळूच म्हणाले, “अध्यक्ष, मोटार कुठल्या लाइनवर होती ते साहेबांनी अजून विचारलेलं नाही. उद्या पंचनाम्याला चाळीत येतील. नळ बघतील. काय ते आजच आटपा.”

“काय आटपू?”

“चोरी झालीच नसेल, तर चोर कुठला आणि वेडा कुठला?”

ही युक्ती माझी मलाच सुचली असं मी नंतर सगळीकडे सांगितलं. हवालदार बदलून गेले होते, त्यामुळे कोणी खोडून काढलं नाही.

स्टेशनकडे मोटारी दुरुस्त करणारा एक वाइंडिंगवाला होता, माझ्या ओळखीचा. त्याच्याकडे गिऱ्हाइकाची दुरुस्त होऊन पडलेली एक मोटार होती. त्याच्या हातापाया पडून ती घेतली, रिक्षात घातली आणि चौकीत नेऊन फौजदारांच्या टेबलापाशी दाणकन ठेवली.

“साहेब, मोटार सापडली.”

“कुठे?”

“वाइंडिंगला दिली होती. मीच. विसरलो.”

फौजदारांनी तक्रार वाचली, मोटारीकडे बघितलं. “इथे हिरवी लिहिलीय. ही करडी आहे.”

“रंग मारला.”

“कधी?”

“तेच आठवत नाही साहेब.”

कोपऱ्यात हवालदारांना जोराचा खोकला आला. फौजदार मागे रेलून बसले. “खोटी तक्रार देणं हा गुन्हा आहे, माहीत आहे? मुद्दाम दिलीत की विसरलात?”

“फरक काय पडतो?”

“मुद्दाम असेल तर तुम्ही आत. विसरला असाल तर डोकं तपासून घ्या.”

म्हणजे जो प्रश्न सकाळी तात्यासाठी होता, तो संध्याकाळी माझ्यासाठी. मी कोण, तर गावच्या हद्दीच्या भांडणात कोणाच्या आजोबाने काय शिवी दिली तेही सांगणारा. चाळीत कुठलाही वाद झाला की माझ्या आठवणीचा शब्द शेवटचा. असं मीच ठरवलं होतं, पण ठरवलं होतं ना?

“विसरलो,” मी म्हणालो.

“मोठ्याने बोला.”

“विसरलो साहेब!”

“आधीही असं होतं?”

खिडकीत वहिनी हात जोडून उभ्या होत्या, माझ्याकडे की देवाकडे ते कळत नव्हतं.

“होतं अधूनमधून,” मी म्हणालो.

फौजदारांनी लिहिलं. मला सही येते, ती मी केली. मग तात्याला बाहेर आणलं आणि सांगितलं, जा घरी, चोरी झालीच नाही. तात्याने आधी मोटारीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“खोटं बोलतोय हा!” तो ओरडला. “मोटार मी नेली! साहेब, याच्या डोक्यावर काहीतरी परिणाम झालाय!”

“दिसतंय ते,” फौजदार म्हणाले.

मोटार त्याच दिवशी वाइंडिंगवाल्याला परत करावी लागली. चाळीत सगळे विचारायला लागले, सापडली ना, मग गेली कुठे? मी म्हटलं, विसरलो. दुसरं काय सांगणार? झालं. पोरं मला बघून विचारायची, “अध्यक्ष, आंघोळ केलीत का आठवतंय ना?” पुढच्या मीटिंगला माझी खुर्चीच मांडली नव्हती. नवा अध्यक्ष माझ्यापेक्षा हळू आवाजात बोलतो आणि त्याचं सगळे ऐकतात, हे मला अजूनही समजलेलं नाही. मागच्या चाळीला पाणी यायला लागलं ते वेगळंच.

तात्याने मात्र माझं दुखणं फार मनावर घेतलं. रोज सकाळी येऊन विचारायचा, “आज वार कोणता, सांग बघू.” मी शिवी घातली की आमच्या हिला म्हणायचा, “चिडचिड वाढलीय.” आणि हे सगळं आपल्यामुळे झालं, हे त्याच्या छातीतलं मशीन त्याला सांगत होतंच. शेवटी त्याने कारखान्यातून रजा घेतली.

“चल,” म्हणाला. “मोठ्या इस्पितळात मनाचे डॉक्टर असतात. मी नेतो तुला.”

मी ओरडणार होतो. तेवढ्यात माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. तात्याला पेशंट म्हणून न्यायला वहिनी मेल्या तरी तयार झाल्या नसत्या, आणि तो स्वतःही आला नसता. पण मला घेऊन यायला तो निघाला होता. ही युक्ती मात्र खरोखर माझी. पाहिजे तर आमच्या हिला विचारा. ती म्हणाली, “जा. त्याच्यासाठी जा. जमलं तर स्वतःचंही विचारून ये.”

पालिकेच्या इस्पितळात डॉक्टरीणबाई होत्या, चष्मा लावलेल्या, शांत. माझा केसपेपर पुढे घेऊन त्यांनी मला विचारलं, “काय होतं तुम्हाला?”

“विसरतो,” तात्याने सांगितलं. “न झालेल्या गोष्टी झाल्या म्हणतो.”

“तुम्ही कोण?”

“शेजारी. याची ही अवस्था माझ्यामुळे झाली.”

“तुमच्यामुळे? कशी?”

तात्या बोलायला लागला. मोटार, पाणी, अँटेना, जुहूचा दरोडा, गेटवरचा हिरवा दिवा. मग त्याच्या लहानपणीच्या गोष्टी निघाल्या, ज्या मीही कधी ऐकल्या नव्हत्या. बाईंनी माझा कागद हळूच बाजूला सारला आणि कोरा घेतला. मध्येच मी एक मुद्दा मांडायला गेलो तर म्हणाल्या, “तुम्ही जरा थांबा. तुमचं काही विशेष नाही.” कोणाही डॉक्टरने माझा इतका अपमान केलेला नाही.

नंतर त्याला बाहेर बसवून मला म्हणाल्या, “एक विचार अडकून बसतो आणि निघत नाही. कबूल केलं की थोडा वेळ सैल होतो, परत आवळतो. हा आजार आहे. यात गुन्हाही नाही आणि लाजही नाही. घरच्यांना सांगा.”

“बाई, तुमचं लग्न ठरवून झालं की आपलं आपण जमवलंत?”

“का हो?”

“ठरवून झालं असतं तर ‘घरच्यांना सांगा’ असं म्हणाला नसतात.”

रागावल्या नाहीत. चष्मा काढून पुसला. “मग तुम्ही काय सांगणार?”

“मी आहे ना. माझंच सांगू. तसंही झालंच आहे.”

त्यांनी तात्याला गोळ्या दिल्या. पण तात्या म्हणाला, आजारी तो आणि गोळ्या मी का घेऊ? बाईंनी काय ओळखायचं ते ओळखलं. म्हणाल्या, “हे एकटे घेणार नाहीत. तुम्ही सोबत घेतल्यात तर घेतील.” आणि मला ताकदीच्या पिवळ्या गोळ्या लिहून दिल्या. मग रोज सकाळी ओट्यावर आम्ही दोघं बसायचो, एका तांब्यातून पाणी घेऊन गोळी घ्यायचो. आधी मी जीभ बाहेर काढून दाखवायची, गिळली म्हणून. मग तो घेणार. माझी लघवी पिवळीधमक झाली, यापलीकडे मला काही फरक पडला नाही.

त्याला पडला. हळूहळू पडला आणि सगळा नाही पडला. गेटवर हिरवा दिवा लागला की तो चालू लागायचा. चार पावलांवर थांबून मागे बघायचा, वॉचमन हात हलवायचा, मग जायचा. एकदा कोणाची दुधाची बाटली गेली तेव्हा माझ्या दारापर्यंत आला. उंबऱ्यापाशी थोडा वेळ उभा राहिला. म्हणाला, “काही नाही,” आणि परत गेला. मी आत बसून कपाळावरचा घाम पुसला, जसं काही मीच काहीतरी केलं होतं.

लग्न ठरल्याप्रमाणे झालं. चाळीसमोर मांडव. मुलीचं सगळं यथासांग झालं आणि मी दुसऱ्या पंगतीला बसलो. आता अध्यक्ष नव्हतो, नाहीतर पहिलीला बसलो असतो. मुलाचे वडील फिरत फिरत आले आणि मुद्दाम माझ्या शेजारी बसले. स्वतःच्या हाताने माझ्या पानात जिलबी वाढली. मी मनात म्हटलं, माणूस पारखायची नजर आहे याला.

“घ्या, घ्या,” ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, “औषधं चालू आहेत ना?”

“कसली?”

“डोक्याची. लपवायचं काय त्यात? आमच्या कानावर आलं होतं, तुमच्या चाळीत कोणी वेडा आहे, पोलिसांपर्यंत गेलेला. आम्ही विहीणबाईंना सरळ विचारलं. त्यांनी तुमचं सांगितलं. म्हटलं, मग हरकत नाही. चाळीत काय, सगळ्या तऱ्हेची माणसं असतात. घरात नसलं म्हणजे झालं.”

मी मान वर केली. समोर वहिनी मसालेभाताचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. डाव हवेतच थांबला होता. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मांडवाच्या त्या टोकाला मुलगी नवऱ्याशेजारी बसून कसल्यातरी गोष्टीवर हसत होती, तिच्याकडे बघत होत्या.

माझ्याकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं. भाषणच होतं.

“चालू आहेत,” मी म्हणालो. “रोज घेतो.”

तेवढ्यात तात्या आला. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि व्याह्यांना म्हणाला, “सांभाळून घ्या हां जरा. माणूस वाईट नाही. आता खूप सुधारलाय.”

“वा, वा,” ते म्हणाले. मग बहिऱ्याशी बोलावं तसं माझ्या कानाशी येऊन ओरडले, “काळजी घ्या!”

वहिनी पुढे झाल्या आणि वाढायला लागल्या. एक डाव, दुसरा, तिसरा. मी पुरे पुरे म्हणत होतो, त्यांना ऐकू जात नव्हतं. मान खाली घालून वाढतच होत्या. तो सगळा भात मी संपवला, एक शब्द न बोलता. तेवढं मात्र आमच्या हिला अजून पटत नाही.